निफाडची थंडी, इगतपुरीचा पाऊस आणि घरातला खोकला: माणसाच्या आजारांना खरेच ऋतू असतात का?

निफाडचा_बागायतदार

नमस्कार. मी निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतो. बागेच्या फवारणीची वही मी नियमाने ठेवतो आणि गेली चार वर्षे त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर घरातील माणसांच्या ताप-खोकल्याच्या तारखाही लिहीत आलो आहे. वडील ६९ वर्षांचे आहेत. तरुणपणी ते विडी ओढत असत आणि आता त्यांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा दीर्घकालीन दम्यासारखा विकार आहे. आई मधुमेही आहे. मुलगी तीन वर्षांची आहे. परवा काढणीच्या धावपळीतून थोडी उसंत मिळाली तेव्हा ही पाने मी प्रथमच सलग वाचली. चारही वर्षांत बहुतेक नोंदी दोनच जागी गोळा झालेल्या दिसल्या: एक गठ्ठा जुलैच्या मध्यापासून गणपती उठेपर्यंतचा, आणि दुसरा संक्रांतीच्या आगेमागे सुरू होऊन होळीपर्यंत रेंगाळणारा. एप्रिल आणि मे जवळजवळ कोरे आहेत.

आम्हा बागायतदारांना याचे नवल वाटायला नको. पाने रात्रभर ओली राहिली की केवडा येतो आणि पाऊस सरून हवा थंड व कोरडी झाली की भुरी डोके वर काढते, द्राक्षावरचे हे दोन्ही रोग कधी येणार हे आम्ही आभाळाकडे पाहून सांगतो. पण माणसाच्या रोगांचे गणित मला तसे जुळवता येत नाही. फ्लू हा थंडीचा आजार आहे असे सगळीकडे वाचायला मिळते, मग आमच्या घरी तो ऐन पावसात का येतो? थंडीतली कोरडी हवा विषाणूला मानवते असेही म्हणतात, पण निफाडला जानेवारीच्या पहाटे पानापानांवर दव साचलेले असते. ती हवा कोरडी कशी म्हणायची?

याहून अधिक काळजीच्या दोन गोष्टी आहेत. माझी बहीण अमेरिकेत असते; तिच्या सांगण्यावरून गेल्या वर्षीच्या आधीच्या ऑक्टोबरात मी वडिलांना फ्लूची लस दिली, आणि तरीही पुढच्या जुलैत ते नऊ दिवस तापाने पडून होते. त्याच्याही आधीच्या एका जानेवारीत साध्या सर्दीतून बरे होता होता त्यांना न्यूमोनिया झाला आणि सहा दिवस रुग्णालयात काढावे लागले. दुसरे असे की, घरात कोणालाही खोकला झाला की आमच्याकडे पहिल्याच दिवशी प्रतिजैविकाच्या गोळ्या मिळतात, मग महिना कोणताही असो. आईला मात्र एका ऑगस्टमध्ये ताप आला तो टायफॉइड निघाला, आणि तिला त्या गोळ्या खरोखरच लागल्या. महिन्यावरून, हवेवरून, आजार विषाणूचा आहे की जिवाणूचा याचा काही अंदाज बांधता येतो का? आणि लस नेमकी कधी घ्यावी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

छातीविकार_नाशिक

नमस्कार दादा. आपल्या वहीतील दोन गठ्ठे पाहून मला फार समाधान वाटले, कारण देशभरातील प्रयोगशाळांना अनेक वर्षांच्या नमुन्यांतून जे दिसले तेच आपण चार वर्षांत फवारणीच्या वहीत टिपले आहे. भारतात फ्लूचा हंगाम एकच नाही. श्रीनगरमध्ये तो जानेवारी ते मार्च असा युरोपासारखा हिवाळ्यात येतो. पण पश्चिम, मध्य आणि दक्षिण भारतात त्याचा मोठा भर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात असतो आणि काही वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी लाट येते. आपल्या आठवणीतील उदाहरणे घ्यायची तर २००९ च्या स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात ३ ऑगस्टला झाला, म्हणजे भर पावसात; २०१५ मध्ये त्याच एच१एन१ विषाणूने राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्राला जानेवारी ते मार्चमध्ये हैराण केले; आणि २०२३ च्या सुरुवातीला एच३एन२ या फ्लूच्या दुसऱ्या प्रकाराने लोकांना तीन-तीन आठवडे खोकायला लावले तेही याच दुसऱ्या लाटेच्या काळात. फ्लू हा थंडीचा आजार आहे हे वाक्य आपण वाचता, ते बहुधा लंडन किंवा न्यू यॉर्कच्या माणसाने आपल्या हवेसाठी लिहिलेले असते.

यातूनच लसीचे उत्तर निघते. फ्लूच्या लसीने मिळणारे संरक्षण टोचल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी उभे राहते आणि पुढच्या काही महिन्यांत हळूहळू उतरते. अमेरिकेत ऑक्टोबरला घेतलेली लस त्यांच्या डिसेंबर-फेब्रुवारीसाठी अगदी वेळेवर असते. निफाडमध्ये तीच लस जुलै उजाडेपर्यंत नऊ महिन्यांची झालेली असते. आपल्या बहिणीने चुकीचे सांगितले असे मी म्हणणार नाही, तिने तिच्या गावाचे सांगितले. भारतातील वेगवेगळ्या शहरांतील फ्लूच्या नोंदी एकत्र करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की जेथे फ्लूचा भर जुलै ते सप्टेंबरमध्ये असतो त्या शहरांत लसीकरण पावसाळ्यापूर्वी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये व्हावे. जागतिक आरोग्य संघटना लसीत कोणते विषाणू असावेत हे वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. आपण नकाशावर उत्तर गोलार्धात असलो तरी आपला फ्लू वेळापत्रकाने दक्षिणेकडच्या देशांशी अधिक जुळतो. म्हणून लस घेताना त्या वेळी उपलब्ध असलेली सर्वांत नवी लस मागावी आणि पेटीवरील वर्ष वाचून घ्यावे.

प्रतिजैविकांविषयी मला थोडे तळमळीने लिहावे लागेल, कारण रोज दुपारपर्यंत माझ्यासमोर अशा दहा-बारा चिठ्ठ्या येतात. सर्दी, घसा दुखणे, अंगदुखी, ताप आणि कोरडा खोकला अशी सुरुवात झालेले बहुतेक आजार, मग ते जुलैतले असोत वा जानेवारीतले, विषाणूंचे असतात आणि त्यांच्यावर अॅझिथ्रोमायसिन किंवा अॅमॉक्सिसिलिन यांसारख्या प्रतिजैविकांचा काहीही परिणाम होत नाही. मार्च २०२३ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांना उद्देशून हेच जाहीरपणे सांगितले होते: ताप बहुधा तीन दिवसांत उतरतो, खोकला तीन आठवडे राहू शकतो, आणि त्या खोकल्यासाठी प्रतिजैविक देऊ नये. विनाकारण घेतलेल्या गोळ्यांनी आज काही बिघडल्यासारखे वाटत नाही, पण आपल्या नाका-घशात आणि आतड्यांत राहणारे जिवाणू त्या गोळ्यांना सरावतात. एकच बुरशीनाशक वारंवार मारल्यावर भुरी त्याला दाद देईनाशी होते, हे आपल्याला मी सांगायला नको.

मात्र आपल्या वडिलांचा जो अनुभव आपण लिहिला आहे, बरे होता होता पुन्हा खालावण्याचा, तो नीट लक्षात ठेवावा. फ्लूचा ताप उतरतो, माणूस उठून बसतो, दोन घास खातो आणि चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्याने, पुन्हा थंडी वाजून ताप चढतो, पिवळा किंवा गंजासारखा बेडका पडतो, श्वास घेताना एका कुशीत कळ येते. हे जिवाणूच्या न्यूमोनियाचे चित्र आहे आणि तेथे प्रतिजैविकाला उशीर करणे धोक्याचे असते. सीओपीडी असलेल्या माणसाने फ्लूसारखी लक्षणे दिसताच पहिल्या ४८ तासांत डॉक्टरांना दाखवावे, कारण ओसेल्टामिविर हे फ्लूविरोधी औषध त्या काळात सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. नऊ दिवस घरी थांबणे त्यांच्यासाठी फार होते. न्यूमोकॉकस या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूविरुद्धची लसही त्यांनी घेतली आहे का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. ती दरवर्षी घ्यावी लागत नाही आणि तिला ऋतूचेही बंधन नाही.

सूक्ष्मजीवशास्त्र_निवृत्त

दवाचा प्रश्न अत्यंत मार्मिक आहे आणि माझ्या अध्यापनाच्या काळात फार थोड्या विद्यार्थ्यांनी तो विचारला, म्हणून त्याचे उत्तर मी आधी देतो.

हवा कोरडी किंवा दमट असण्याचे दोन अर्थ आहेत. एक सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाची हवा जितकी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे. आणि दुसरी निरपेक्ष आर्द्रता, म्हणजे एक घनमीटर हवेत प्रत्यक्ष किती ग्रॅम वाफ आहे. २५ अंश सेल्सियसची हवा काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे २३ ग्रॅम वाफ मावते. १० अंशांची हवा काठोकाठ भरली तरी सुमारे ९ ग्रॅमच मावते. निफाडच्या पहाटे हवेची वाटीच लहान झालेली असते, म्हणून ती थोड्याशा वाफेने भरून ओसंडते आणि दव पडते. पण वाफ मोजली तर जुलैच्या निम्मीसुद्धा नसते. ती हवा नाकात शिरून ३०-३२ अंशांपर्यंत तापली की वाटी मोठी होते आणि नाकाच्या ओल्या अस्तरातून पाणी ओढून घेते. पानावर दव असते आणि नाकात कोरड पडते, यात विरोध नाही.

२००७ मध्ये न्यू यॉर्कमधील संशोधकांनी गिनीपिगांवर केलेला प्रयोग या विषयात फार महत्त्वाचा ठरला. आजारी आणि निरोगी प्राणी शेजारच्या पिंजऱ्यांत ठेवून हवेचे तापमान आणि आर्द्रता बदलत नेली, तेव्हा ५ अंशांच्या थंड हवेत आणि कमी आर्द्रतेत फ्लू सहज पसरला आणि ३० अंशांना हवेतून पसरणे थांबले. पुढे असेही दिसले की ३० अंशांनाही प्रत्यक्ष स्पर्शाने तो पसरतच राहतो. त्यानंतरच्या काही वर्षांत प्रयोगशाळेतील थेंबांवरून आणखी एक गोष्ट कळली: हवा बरीच कोरडी असेल तर थेंब चटकन वाळतो आणि विषाणू टिकतो, हवा जवळजवळ संपृक्त, म्हणजे वाफेने काठोकाठ भरलेली असेल तर थेंब ओलाच राहतो आणि तेव्हाही विषाणू टिकतो, मधल्या आर्द्रतेत मात्र थेंबातील पाणी अर्धवट उडून त्यातील क्षार दाट होतात आणि विषाणू लवकर निकामी होतो. आपल्याकडे विषाणूला सोयीची दोन्ही टोके आहेत, थंडीतले आणि पावसातले. पण पावसाळ्याचे सगळे श्रेय हवेला देऊ नये. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, दारे-खिडक्या पावसामुळे लागतात, ऊन कमी होते आणि एका खोलीत माणसे दाटीने बसतात. हे सर्व एकाच पंधरवड्यात घडते. यातील कोणाचा वाटा किती, यावर आजही संशोधकांत मतभेद आहेत.

शरीराची बाजूही आहे. सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस ३७ अंशांपेक्षा नाकाच्या आतील ३३ अंशांच्या आसपास अधिक चांगले वाढतात, कारण त्या तापमानाला पेशींचा विषाणूविरोधी प्रतिकार मंदावतो. हे २०१५ मध्ये येल विद्यापीठातील संशोधनात दिसून आले. गार वारा लागून पडसे होते ही घरोघरची समजूत म्हणूनच पूर्णपणे टाकून देण्याजोगी नाही, परंतु विषाणू मुळात कोणाकडून तरी यावा लागतो.

आता जिवाणूंकडे वळतो, कारण ऋतूंवरून विषाणू-जिवाणू ओळखता येतील का हा आपला मुख्य प्रश्न आहे. न्यूमोकॉकस हा जिवाणू अनेक निरोगी लहान मुलांच्या नाका-घशात काहीही त्रास न देता राहत असतो. श्वासमार्गाच्या आतील बाजूस असलेले सूक्ष्म केस अखंड हलत राहून कफ आणि जंतू वर ढकलत असतात. फ्लूचा विषाणू हे केस असलेल्या पेशीच मारून टाकतो आणि झाडणाऱ्याशिवाय राहिलेल्या घरात जसा केर साचतो तसे जिवाणू खाली उतरून फुप्फुसात ठाण मांडतात. न्यूमोकॉकसला स्वतःचा ऋतू आहे असे म्हणण्यापेक्षा तो विषाणूंच्या ऋतूमागून एक-दोन आठवड्यांच्या अंतराने चालतो, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. १९१८ मध्ये जूनमध्ये मुंबईत उतरलेली साथ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतली तेव्हा प्राणघातक झाली होती, त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. त्या साथीत मेलेल्यांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांचे तुकडे अमेरिकेत नव्वद वर्षांनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा बहुतेकांत जिवाणूंचा न्यूमोनिया आढळला. विषाणूने दार उघडले आणि जिवाणू आत शिरले. त्या वेळी प्रतिजैविके अस्तित्वातच नव्हती.

काही जिवाणूंना मात्र स्वतःचीच हवा लागते. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात मेनिंगोकॉकस या जिवाणूचा मेंदूज्वर डिसेंबरपासून, हार्मटान नावाचा कोरडा, धुळीचा वारा वाहू लागला की वाढतो आणि पहिला पाऊस पडला की ओसरतो, इतका की तेथील लोक पावसाची वाट औषधासारखी पाहत असत. त्यातील ए गटाविरुद्धची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली आणि २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोपासून तिचे मोठे लसीकरण सुरू झाले. त्यानंतर त्या पट्ट्यातील ए गटाच्या साथी जवळजवळ थांबल्या. आपल्याच राज्यात झालेल्या या कामाची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही, याची मला खंत वाटते.

क्षयरोगाची गोष्ट उलट्या चालीची आहे. भारतात, विशेषतः उत्तरेकडे, क्षयाचे निदान उन्हाळ्याच्या सुरुवातीला अधिक होते. ऊन क्षय वाढवते असा त्याचा अर्थ नव्हे. हिवाळ्यात बंद खोल्यांत झालेला संसर्ग किंवा ढासळलेली प्रतिकारशक्ती लक्षणांच्या रूपाने दिसायला महिने लागतात. म्हणून आपल्या वहीतील कोऱ्या एप्रिल-मेमध्ये कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, तर हा सर्दीचा काळ नव्हे हे लक्षात घेऊन बेडक्याची तपासणी आवर्जून करून घ्यावी; ती सरकारी केंद्रांत मोफत होते. उन्हाळ्यात केसतोड, गळवे आणि लघवीचे संसर्गही वाढतात, पण ते आपल्या प्रश्नापासून दूरचे आहे.

सारांशाने उत्तर मागाल तर मी एवढेच म्हणेन की महिना पाहून शक्यता कमी-जास्त होते, निदान होत नाही. आपल्या मातोश्रींच्या टायफॉइडचे निदान केवळ विडाल या रक्तातील प्रतिपिंडे पाहणाऱ्या चाचणीवरून झाले असेल तर ती चाचणी पुष्कळदा फसवते. पहिल्या आठवड्यात, प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घेतलेले रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातील जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी, हाच खात्रीचा मार्ग आहे.

पेठची_आशा

दादा, आपली मुलगी तीन वर्षांची आहे म्हणून लिहिते. मी पेठ तालुक्यात आशा, म्हणजे गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्ती म्हणून काम करते. आमच्या पाड्यांवरील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास आपल्याच भागात बागांच्या कामाला येतात आणि काढणी संपली की परततात. बागेच्या कडेला ताडपत्रीच्या आडोशात, चुलीच्या धुरात, निफाडच्या थंडीत त्यांची लहान मुले असतात. गावी परत आल्यावर मी मुलांची कार्डे तपासते तेव्हा बऱ्याच जणांचे मधले डोस चुकलेले आढळतात. न्यूमोकॉकसची लस सरकारी लसीकरणात सहाव्या आठवड्याला, चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्याला मोफत मिळते. आपल्या बागेवर काम करणाऱ्या बाईला एवढे विचारले की बाळाचे कार्ड कुठे आहे, आणि तिला अर्धा दिवस जवळच्या उपकेंद्रात जाऊ दिले, तर फार मोठे काम होईल. कुठल्याही गावचे कार्ड असले तरी लस नाकारली जात नाही.

लहान मुलाचा साधा खोकला आणि न्यूमोनिया यांतला फरक ओळखायला आम्हाला जे शिकवले आहे ते कोणत्याही आईला जमते. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, पोट उघडे करून घड्याळात पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे. श्वास आत घेताना छातीची खालची बाजू आत ओढली जात असेल, ज्याला आमच्याकडे पोट उडणे म्हणतात, किंवा मूल पीत नसेल, सुस्त पडले असेल, तर वाट पाहायचीच नाही. दरवर्षी १२ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत सरकारची 'सांस' ही बालकांच्या न्यूमोनियाविरुद्धची मोहीम असते ती याच कारणासाठी, पण माझा अनुभव असा आहे की ऑगस्टमध्येही एक वर्षाच्या आतील बाळे अशीच धापा टाकत येतात.

गोवराची लसही पाहून घ्यावी. २०२२ च्या अखेरीस मुंबईबरोबर आपल्या मालेगावातही गोवर आला होता. गोवर होऊन गेल्यावर मूल पुढे बराच काळ कमजोर राहते आणि गोवराने दगावणारी मुले बहुधा त्यामागून आलेल्या न्यूमोनियाने दगावतात.

पंचवटीकर

मी डॉक्टर नाही; पाणीपुरवठ्याच्या कामात नोकरी केली आणि निवृत्त झालो. आपल्या आईच्या ऑगस्टमधील तापावरून लिहावेसे वाटले. शरद ऋतू ही वैद्यांची आई आहे, अशा अर्थाचे जुने संस्कृत वचन माझे आजोबा सांगत असत. पावसाळा सरत येतो तो काळ वैद्याला पोसतो, हे निरीक्षण पाण्याशी जोडून पाहिले तर पटते. पहिल्या पावसात सांडपाणी आणि उघड्यावरची घाण विहिरींत आणि फुटक्या नळांत उतरते, आणि टायफॉइडचा जिवाणू पोटात गेल्यावर ताप दिसायला एक ते तीन आठवडे लागतात. जून-जुलैमध्ये प्यायलेल्या पाण्याचा हिशेब त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये चुकता होतो. विहिरीचे पाणी असेल तर पावसाळाभर उकळून प्यावे किंवा त्यात क्लोरीन टाकून अर्धा तास थांबावे.

आपल्या जिल्ह्यात एका टोकाला इगतपुरीचा धो-धो पाऊस आणि दुसऱ्या टोकाला येवल्याचा कोरडा माळ आहे, तेव्हा तापही वेगवेगळे असतात. इगतपुरी, त्र्यंबककडे भाताच्या आवणीत गुडघाभर चिखलात उभे राहणाऱ्यांना उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पावसानंतर वाढलेल्या गवतात चिगर नावाच्या बारीक किड्याच्या चाव्यातून स्क्रब टायफस येतो आणि चावल्याच्या जागी पुष्कळदा काळी खपली दिसते. हे दोन्ही जिवाणूंचे ताप आहेत, दोन्हींत खोकला असू शकतो, आणि वेळेवर ओळखले तर साध्या औषधांनी बरे होतात. चिखलात किंवा गवतात काम केले होते हे डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण त्यांना ते विचारायला सुचेलच असे नाही.

जाता जाता एक नोंद. २०१५ च्या सिंहस्थातील शाही स्नाने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाली होती आणि २०२७ मध्येही मुख्य स्नाने त्याच दिवसांत येतात. म्हणजे पाण्याच्या तापांचा आणि फ्लूचा भर असतानाच रामकुंडावर लाखो माणसे असतील. घरात वृद्ध असतील तर त्या वर्षीची लस टाळू नये.

निफाडचा_बागायतदार

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मी मनापासून आभारी आहे. दवाचे उत्तर वाचून मी पहाटे बागेत गेलो तेव्हा पाने वेगळ्याच नजरेने पाहिली. आशाताई, आमच्या बागेवर सध्या सात कुटुंबे आहेत. काल त्यांची कार्डे पाहिली. दोन बाळांचा नवव्या महिन्याचा डोस राहिला आहे आणि एका घराकडे कार्डच नाही. परवा त्या तिघींना उपकेंद्रात पाठवत आहे आणि मजुरी कापणार नाही.

आईचे निदान विडालवरूनच झाले होते. पुढच्या वेळी कल्चरची मागणी करीन.

डॉक्टरसाहेब, एकच शंका राहिली आहे. मुलीने फ्लूची लस यापूर्वी कधीच घेतलेली नाही आणि या जूनपासून ती अंगणवाडीत जाणार आहे. वडिलांबरोबर मे महिन्याच्या शेवटी दोघांनाही एकदमच लस दिली तर चालेल का?

छातीविकार_नाशिक

वडिलांसाठी मे महिना चालेल, पण मुलीसाठी त्याहून आधी सुरुवात करावी लागेल. नऊ वर्षांखालील मुलाला आयुष्यात पहिल्यांदा फ्लूची लस देताना किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्यावे लागतात आणि पूर्ण संरक्षण दुसऱ्या डोसनंतर दोन आठवड्यांनी मिळते. अंगणवाडी जूनच्या मध्यावर सुरू होते असे धरले तर मागे मोजत या: दुसरा डोस मे संपण्यापूर्वी आणि पहिला एप्रिल संपण्यापूर्वी. पुढच्या वर्षापासून तिला एकच डोस पुरेल. वडिलांचीही लस तिच्या पहिल्या डोसबरोबर उरकून घ्या, म्हणजे खरड छाटणीच्या गडबडीत ती राहून जाणार नाही. त्या दिवशी तिला ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबा; नुसते नाक वाहत असेल तर थांबण्याचे कारण नाही.